दुकान गावातलं, पण माल कुणाचा?

प्रश्न : ‘गावातल्या दुकानातून घ्या, पैसा गावात राहतो’ असं नेहमी ऐकतो. पण साबण, बिस्किटं, चहापत्ती सगळं बाहेरूनच येतं. मग दुकानदार आपल्या गल्लीतला असल्याने गावाचा खरंच फायदा होतो का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : होतो, पण प्रत्येक वस्तूमागे सारखा नाही. तुमची शंका रास्त आहे. साबणाच्या वडीचे बहुतेक पैसे कंपनीकडे जातात, दुकानदाराच्या हाती थोडं मार्जिन उरतं. त्यातूनच गाळ्याचं भाडं आणि पोऱ्याचा पगार निघतो, म्हणजे तेवढा पैसा गावात राहतोच.

आता हाच प्रश्न कोल्हापुरी चपलेला लावून पाहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीने घातलेली शिलाई, हाताने विणलेली वेणी. या चपलेत खिळा नसतो, मजुरी मात्र भरपूर असते. ती तुम्ही कारागिराकडून घेतलीत, तर कातडं कमावणाऱ्यापासून वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत अनेकांना तुमच्या पैशाचा वाटा मिळतो. ही सगळी माणसं याच भागात राहतात आणि भाजी, औषधं, मुलांच्या वह्या इथल्याच बाजारात घेतात.

याचा हिशेब मांडता येतो. समजा, गावात १०० रुपये आले आणि ज्याच्या हाती ते पडतात तो प्रत्येक जण त्यातले निम्मे गावातच खर्च करतो. शंभर, मग पन्नास, मग पंचवीस, असं करत एकूण उलाढाल २०० रुपयांपर्यंत जाते. पाचवा हिस्साच गावात खर्च झाला, तर तीच बेरीज १२५ वर थांबते. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. रिचर्ड कान यांनी १९३१ साली तो मांडला आणि पुढे केन्स यांनी तो सर्वज्ञात केला.

कराबद्दलचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीतला राज्याचा वाटा, माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. त्यामुळे परराज्यातून ऑनलाइन मागवलं म्हणून महाराष्ट्राचा वाटा बुडत नाही. नगरपालिकेच्या तिजोरीत थेट येतो तो मालमत्ता कर, आणि तो वेळेवर भरला जायला बाजारपेठेतले गाळे चालते असावे लागतात.

पैशापलीकडचेही फायदे आहेत. चपलेचा अंगठा तुटला तर कारागीर तो शिवून देतो आणि तीच चप्पल पुन्हा पायात येते. किराणा दुकानदार दहा रुपयांचीही हळद देतो, पगार लांबला तर खात्यावर मांडून ठेवतो आणि त्यावर व्याज लावत नाही. हातावर पोट असलेल्या घराला हा मोठा आधार असतो. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी शिधा पोचला, त्यात या दुकानांचा वाटा फार मोठा होता.

म्हणून दुकान कुणाचं हे पाहाच, पण माल कुणी केला हेही विचारा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे येतात. तरीही त्याच नावाने रेक्झिनचा, यंत्रावरचा माल सर्रास विकला जातो. विक्रेत्याला कातडं कुठलं, शिलाई कुणाची, हे मोकळेपणाने विचारा.

सगळंच गावातून घेणं कुणालाही जमणार नाही, त्याची गरजही नाही. जिथे गावातल्या माणसाचे कष्ट लागतात, तिथून सुरुवात करा : पीठ गिरणीतून, तेल घाण्यावरून, कपडे शिंप्याकडून, चप्पल कारागिराकडून. कारागिराची मजुरी घासाघीस करून पाडू नका. आणि खात्यावर मांडलेले पैसे वेळेवर चुकते करा, कारण छोट्या दुकानदाराचं भांडवल त्या उधारीतच अडकलेलं असतं.