अर्जातले क्रियापद : ‘जळला’ की ‘जाळला’?



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयाच्या टेबलावर अर्जांची चळत वाढत जाते. कुणाला तोड लवकर हवी असते, कुणाची लागण तारीख चुकीची पडलेली असते, कुणाच्या प्लॉटला आग लागलेली असते. आम्ही अर्ज वाचतो, शेरा मारतो आणि पुढे पाठवतो. पुढे जो वाचणार त्याने तुमचा बांध पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त तुमचे वाक्य असते, आणि मराठी वाक्याचा सगळा भार शेवटच्या शब्दावर, म्हणजे क्रियापदावर असतो. म्हणून या वेळी खतपाण्याऐवजी थोडे व्याकरण. कंटाळू नका, यात पैशाचा प्रश्न आहे.

समजा, अर्जात लिहिले, ‘माझ्या शेतातील ऊस दि. ४ रोजी रात्री जाळला, तरी त्वरित तोड मिळावी.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे होते की ऊस जळला. एक काना जास्त पडला आणि अर्थ झाला की ऊस कुणीतरी पेटवला. कुणी? वाक्यात दुसरे नाव नाही, म्हणून वाचणारा ते नाव अर्जाखालच्या सहीत शोधतो! जळीत उसाचा अर्ज आला की आग अपघाताने लागली की मुद्दाम लावली, हाच प्रश्न आधी निघतो. त्यावरून पंचनामा, त्यावरून कपातीचे बोलणे. दरम्यान जळलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही दिवसागणिक उतरत असतात. खुलासा मागवण्यात चार दिवस गेले तर नुकसान कुणाचे, ते सांगायला नको.

मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. जळणे–जाळणे, पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, फुटणे–फोडणे. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात ती कुणीतरी करतो. शाळेत पहिल्याला अकर्मक आणि दुसऱ्याला सकर्मक म्हणायला शिकवले होते. आपल्या कारखान्याचे शब्दसुद्धा याच घरातले : गळणे आणि गाळणे. एकावरून गळीत, दुसऱ्यावरून गाळप. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. पण हा फरक आपली आजी व्याकरणाशिवाय बरोबर करत होती. आपल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, तरी ‘जरला’ आणि ‘जारला’ यांत घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो कागदावर, घाईत.

मग योग्य क्रियापद कसे निवडावे? ते एकटे पाहून निवडू नये, शेजारचे शब्द पाहावेत. तेच वाट दाखवतात.

पहिली खूण ‘मुळे’. ‘तारांच्या घर्षणामुळे’, ‘पावसामुळे’, ‘शेजारच्या धुऱ्यावरील पाचटाच्या ठिणगीमुळे’ असे आले की पुढे बहुधा ‘जळला’, ‘पडला’, ‘तुटला’ हेच यायचे. कारण सांगितले आहे, करणारा सांगितलेला नाही. दुसरी खूण ‘ने’ किंवा ‘नी’, आणि ही जरा लबाड आहे. ‘मजुराने ऊस तोडला’ यात ‘ने’ करणाऱ्याला लागला. ‘ठिणगीने ऊस जळला’ यात ‘ने’ लागला साधनाला. दोन्ही वाक्ये बरोबर. म्हणून नुसता ‘ने’ पाहून भागत नाही. ज्याला ‘ने’ लागला तो हातपाय असलेला आहे का, हे पाहायचे. ‘शेजाऱ्याने ऊस जळला’ हे कानालाच खटकते. वाऱ्याचे मात्र दोन्हीकडे चालते, ‘वाऱ्याने ऊस पडला’ आणि ‘वाऱ्याने ऊस पाडला’. वारा आपल्याकडे अर्धा माणूसच आहे.

आणि ‘मी’ला ‘ने’ लागतच नाही. ‘मी ऊस तोडला’ म्हणतो, ‘मीने’ म्हणत नाही. म्हणून अर्जात ‘मी’ गाळून नुसते ‘जाळला’ लिहिले की ‘मी’ तिथे न दिसता बसलेला आहे, असेच वाचले जाते.

तिसरी खूण आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते. ‘जळून’ लिहिले की पुढे ‘गेला’ येतो, ‘जाळून’ लिहिले की ‘टाकला’. ‘जळून टाकला’ कुणी म्हणत नाही. तेव्हा शंका आली तर मनात म्हणून पाहा : ऊस जळून गेला की जाळून टाकला? जे खरे असेल ते आपोआप ओठावर येते. धानाच्या पुंजण्यांना आग लागते तेव्हाही हीच कसोटी. आणि मामा तलावाची पाळ ‘फुटली’ की ‘फोडली’ यावर तर गावात दोन तट पडतात. तिथे एका शब्दाच्या फरकाने अर्ज तहसीलऐवजी पोलीस ठाण्यात जाऊ शकतो.

काही क्रियापदे दोन्ही अंगांनी चालतात. ‘ऊस मोडला’ यात तो आपणहून मोडला की कुणी मोडला, ते क्रियापद सांगत नाही. व्याकरणात याला उभयविध म्हणतात. जंगलाला लागून शेते असलेल्या साकोली, लाखनी भागात हे महत्त्वाचे. रानडुकरांच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे जातो, आणि त्यात ‘अर्धा एकर ऊस मोडला’ एवढेच असेल तर वाऱ्यानेही मोडला असेल असे कुणी म्हणू शकते. ‘रानडुकरांनी अर्धा एकर ऊस मोडला व खाल्ला’ असे लिहा. तिथे ‘खाल्ला’ हा शब्द ‘मोडला’ची साक्ष देतो. वादळाने आडवा झाला असेल तर ‘लोळला’ हा आपला नेहमीचा शब्द आहेच.

‘लागणे’ या क्रियापदाबद्दल काय सांगावे! आग लागते, कीड लागते, नंबर लागतो, वेळ लागतो. ‘विहिरीला पाणी लागले’ म्हणजे पेढे वाटा, ‘उसाला पाणी लागले’ म्हणजे मुळ्या कुजल्या. शब्द तोच, फक्त आधीचे नाव बदलले. ‘तोडणे’चेही तसेच. तोडणीच्या आधी काही दिवस आपण उसाचे पाणी तोडतो. ‘२० तारखेला तोडले’ असे कुणी लिहिले तर पाणी तोडले की बेणे तोडले, आम्ही काय समजावे? एवढे खरे की ऊस तोडला असता तर ‘तोडला’ आले असते. शेवटचा ला, ली, ले आधीच्या नावाकडे बोट दाखवतो. ‘गाडी भरली’ आणि ‘गाड्या भरल्या’ यांत किती टनांचा फरक आहे ते पाहा.

आता नोंदणीबद्दल, कारण तोडीचा क्रम तिथून लागतो. आपल्याकडे धान मुख्य, त्यामुळे हाताला धानाची क्रियापदे लागलेली. धान रोवतात, ऊस लावतात, खोडवा राखतात. पुष्कळ जण फॉर्मवर नुसते ‘ऊस ठेवला’ लिहितात. हा खोडवा राखला, की उभा ऊस तोडायचा राहिला, की बेण्यासाठी राखून ठेवला? तिन्हींचा हिशेब वेगळा. लागणीच्या उसाचे वय लावल्या तारखेपासून धरतात, खोडव्याचे आधीचा ऊस तुटल्या तारखेपासून. ‘मागील ऊस १० जानेवारीस तुटला व त्याचा खोडवा राखला’ असे लिहिले म्हणजे गट कार्यालयातल्या कुणाला तुमच्या घरी विचारायला यावे लागत नाही. (खोडवा राखला असेल तर पाचट जाळू नये, सरीत कुजवावे; हे व्याकरण नाही, पण राहवत नाही.)

काळाचे शब्दही पाहावेत. ‘काल’, ‘गेल्या हंगामात’ यांच्यापुढे ‘तोडणार’ बसत नाही, हे सगळ्यांना कळते. बारीक फरक ‘आहे’ आणि ‘होता’ यांत आहे. ‘ऊस नोंदवला आहे’ म्हणजे नोंद कायम. ‘नोंदवला होता’ म्हटले की वाचणारा विचारतो, मग पुढे काय झाले, रद्द केला? काही झाले नसेल तर ‘आहे’च लिहावे.

घरी मुलांना घेऊन पुढची वाक्ये सोडवून पाहा. प्रत्येक ठिकाणी कोणत्या शब्दावरून उत्तर मिळाले त्याखाली रेघ ओढायला सांगा.

१. बावनथडीच्या नहराचे पाणी अधिकाऱ्यांनी सोमवारी (सुटले / सोडले).
२. भार जास्त झाल्यामुळे बैलगाडीचा आस (तुटला / तोडला).
३. कुणीतरी पाचट पेटवले आणि त्या आगीत माझा पाऊण एकर ऊस (जळून गेला / जाळून टाकला).
४. रात्री बांध (फुटला / फोडला) आणि पाणी शेजाऱ्याच्या धानात गेले.

उत्तरे : पहिल्यात ‘अधिकाऱ्यांनी’ वरून ‘सोडले’. दुसऱ्यात ‘मुळे’ वरून ‘तुटला’. तिसऱ्यात ‘कुणीतरी’ पाहून ‘जाळून टाकला’ लिहायचा मोह होतो, पण त्या कुणीतरीने पेटवले ते पाचट. ऊस ‘त्या आगीत’ सापडला, म्हणून ‘जळून गेला’. चौथ्यात शेजारचा एकही शब्द मदत करत नाही, दोन्ही बसतात. तिथे व्याकरण थांबते. बांधावर जाऊन, फावड्याची खूण आहे का ते पाहूनच क्रियापद लिहावे.