‘गुडबाय’ या शब्दात दडले आहे काय?



रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या दाराशी उभे राहतो. वडीलधारी माणसे ‘येतो, फादर’ म्हणून निघतात. मुले हात हलवतात आणि ‘बाय, फादर’ म्हणतात. आता तर आजी-आजोबाही नातवंडांना ‘बाय’च म्हणू लागले आहेत. यात रागावण्यासारखे काही नाही. मात्र जो शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, तो मुळात काय होता हे आपल्याला ठाऊक असावे. म्हणून आजचा हा छोटासा पाठ.

दोन तुकडे, चार शब्द

‘गुडबाय’ उच्चारताना त्याचे दोन तुकडे पडतात : ‘गुड’ आणि ‘बाय’. ‘गुड’ म्हणजे चांगले, हे बालवाडीतले मूलही सांगेल. मग ‘बाय’ म्हणजे काय? इंग्रजीत ‘बाय’ असा उच्चार असलेल्या एका शब्दाचा अर्थ ‘जवळ’, तर दुसऱ्याचा ‘विकत घेणे’. यांतला एकही येथे बसत नाही.

कारण मुळात हा एक शब्द नव्हताच, चार शब्द होते : ‘गॉड बी विथ यी’. म्हणजे ‘देव तुमच्याबरोबर असो’. निघताना माणूस घाईत असतो. आपण नाही का, ‘काय करतो आहेस’चे ‘काय करतोयस’ करून टाकत? तसेच तिकडे झाले. शेवटचे तीन शब्द एकमेकांत मिसळले आणि त्यांचा ‘बाय’ झाला. चार तुकड्यांचे दोन उरले.

१५७३ साली केंब्रिजचे एक विद्वान गॅब्रिएल हार्वी यांनी एका पत्रात ‘गॉडब्वाय’ असे लिहिले. गॅलनभर निरोपांची परतफेड म्हणून मी अर्धा गॅलन ‘कसे आहात’ पाठवतो, असा त्यांचा विनोद होता. पुढे १६२३ साली शेक्सपियरची नाटके एकत्र छापली गेली. त्यांत हा निरोप ‘गॉड बाय यू’ असा आढळतो आणि त्यातल्या ‘बाय’चे स्पेलिंग ‘विकत घेणे’ या शब्दाचे आहे! कानाला जसे ऐकू आले तसे लोक लिहीत होते.

देव गेला, ‘चांगले’ आले

मग ‘गॉड’चे ‘गुड’ कसे झाले? इंग्रजीत ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ असे अभिवादन रूढ होते. त्यांच्या संगतीत राहून ‘गॉड’चाही ‘गुड’ झाला. ऐकायला सारखे असले तरी हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत. ‘गॉड’ या शब्दाचे मूळ ‘ज्याला हाक मारली जाते तो’ असे असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते खरे असेल, तर आपल्या ‘आव्हान’ (मूळ संस्कृत ‘आह्वान’) या शब्दातला ‘हाक मारणे’ या अर्थाचा धातू त्याच घराण्यातला ठरतो.

‘विथ’चा प्रवास तर फारच मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे एखाद्या गोष्टीला तोंड देऊन उभे राहणे, यात तो अर्थ अजून टिकून आहे. ‘बरोबर’ या अर्थी तेव्हा ‘मिड’ हा शब्द होता. ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण. बाळंतिणीबरोबर असणारी बाई. पुढे ‘मिड’ मागे पडला आणि ‘विरुद्ध’वाला ‘विथ’च ‘बरोबर’ झाला. शेवटचा ‘यी’ म्हणजे आपला ‘तुम्ही’. अनेकांना किंवा आदराने एकाला म्हणण्याचा.

निरोप आणि मिस्सा

ही रीत केवळ इंग्रजांची नाही. फ्रेंचांचा ‘आद्यू’, स्पॅनिश ‘आदिओस’ आणि पोर्तुगीज ‘आदेउश’ या तिन्ही शब्दांचा अर्थ ‘देवाकडे’, म्हणजे ‘तुला देवाच्या हाती सोपवतो’. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हा यांतला शेवटचा शब्द आपल्या पूर्वजांच्या कानांवर पडलाच असणार.

रूथच्या पुस्तकात (२:४) बवाज शेतावर येतो, तेव्हा कापणी करणाऱ्यांना प्रभू त्यांच्याबरोबर असो असेच म्हणतो. मिस्सामध्येही धर्मगुरू साधारणपणे चार वेळा हीच सदिच्छा व्यक्त करतो : आरंभी, शुभवर्तमानाआधी, महाप्रार्थनेच्या आधी आणि अखेरच्या आशीर्वादाआधी. ‘मिस्सा’ हा शब्दही लॅटिनमध्ये भाविकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यातला आहे. त्याचा अर्थ ‘पाठवणी’. आपल्या सर्वांत मोठ्या उपासनेचे नाव निरोपावरून पडले आहे.

आमची एक आठवण

आम्ही पुण्याला तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वडिलांनी गावातल्या बूथवरून फोन केला. दुसऱ्या दिवशी तर्कशास्त्राचा पेपर होता. त्यांना आणखी काहीतरी बोलायचे होते हे आवाजावरून कळत होते. तरी ‘पेपर झाल्यावर बोलू, बाय बाबा’ म्हणून आम्ही फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना काय सांगायचे होते ते कळले नाही आणि आमचा त्यांच्याशी शेवटचा शब्द ‘बाय’ झाला.

तो शब्द कित्येक महिने मनाला टोचत राहिला. पुढे ग्रंथालयात एका व्युत्पत्तिकोशात त्याचा अर्थ वाचला, तेव्हा आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. त्या दिवशी आमच्या मनात प्रार्थना नव्हती, घाई होती. हे लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्या नकळत आमच्या तोंडून निघालेला शब्द प्रार्थनेचाच तुकडा होता. देवाने तो पूर्ण ऐकला असेल, असा आमचा विश्वास आहे.

म्हणून ‘बाय’ म्हणू नका, असे आम्ही सांगणार नाही. एवढेच लक्षात घ्या की नुसते ‘बाय’ म्हणताना वाक्यातला ‘देव’ गळून जातो आणि ‘बरोबर असो’ तेवढे उरते. कोण बरोबर असो, हे मनात आपणच म्हणायचे असते.

या आठवड्यासाठी

घरातून कोणी कामाला, शाळेला किंवा परदेशी निघाले, तर हातातला मोबाइल क्षणभर बाजूला ठेवा. त्या माणसाकडे पाहा. तोंडाने ‘बाय’ म्हणा, ‘ये हं’ म्हणा, काहीही म्हणा. मनात मात्र ते चारही शब्द पूर्ण म्हणा. आणि फोनवर म्हाताऱ्या आईवडिलांना आणखी काही बोलायचे असेल, तर त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबा. पेपर दुसऱ्या दिवशीही देता येतो.

देव तुमच्याबरोबर असो.

आपले धर्मगुरू