शाळेवरचे जुने सिमेंट पत्रे उतरवताना

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या खोल्या पाडायच्या आहेत. वर सिमेंटचे पत्रे आहेत. ठेकेदार म्हणतो, फोडून भरावात टाकू. चालेल का?
– शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : मुळीच चालू देऊ नका. जुने सिमेंट पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. धडधाकट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. घण पडला की ते हवेत जातात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते श्वासातून आत गेल्यावर होणारा फुप्फुसाचा आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. म्हणूनच कुणी मनावर घेत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण ॲस्बेस्टॉसचा कचरा घातक कचरा नियम, २०१६ मध्ये नोंदलेला आहे. म्हणून निविदेतच ‘पत्रे अखंड उतरवून अधिकृत केंद्रात पोचवणे’ ही स्वतंत्र बाब दरासकट घाला. नाहीतर ठेकेदार तिथेच पैसे वाचवणार. तळोजा, रांजणगाव इथे अशी केंद्रं आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आधी लेखी कळवा.

काम सुट्टीतच काढा. पत्रे पाण्याने भिजवा. पत्र्यावर पाय ठेवू नये, तो मोडतो, परांची बांधा. हुकांचे नट पान्याने सोडवा. गंजले असतील तर हुक कापा, पत्रा नाही. पत्रे हातोहात खाली घेऊन जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा. मजुरांना रुमाल पुरत नाही, एफएफपी-३ दर्जाचा मास्क द्या. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. गावातलं कुणी गोठ्यासाठी पत्रे मागेलच, देऊ नका.