हसवायचं कुठे, थांबायचं कुठे? : जेम्स बाँडच्या चित्रपटांतून एक पाठ



वर्गात गोष्ट सांगताना, स्नेहसंमेलनाचं नाटुकलं बसवताना किंवा स्वतः कथा लिहिताना एक प्रश्न आपल्याला हमखास पडतो. विनोद किती घालायचा? कमी घातला तर ऐकणारे कंटाळतात. जास्त घातला तर गोष्टीतला गंभीर भाग कोणी मनावरच घेत नाही. आज आपण या प्रश्नाचं उत्तर एका प्रसिद्ध चित्रपटमालिकेत शोधणार आहोत. ती मालिका म्हणजे जेम्स बाँड.

एक गोष्ट आधीच सांगते. हे चित्रपट लहान मुलांसाठी नाहीत. हा पाठ शिक्षक, पालक आणि मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

थोडी ओळख

इयान फ्लेमिंग या ब्रिटिश लेखकाची 'कसिनो रॉयल' ही पहिली बाँड कादंबरी १९५३ मध्ये आली. पहिला चित्रपट 'डॉ. नो' १९६२ मध्ये आला आणि पंचविसावा 'नो टाइम टू डाय' २०२१ मध्ये. या मुख्य मालिकेत शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, टिमोथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग अशा सहा नटांनी बाँड साकारला. कादंबरीतला बाँड तसा रूक्ष माणूस. पडद्यावरचा बाँड मात्र पहिल्यापासून मिश्कील आहे. मारामारी संपली की तो एखादं वाक्य टाकतो आणि थिएटर हसतं.

आता बघा, ज्या माणसाचं काम जीव घेणं आणि जीव वाचवणं आहे, त्याच्या तोंडी विनोद शोभतो कसा? आणि कधी शोभत नाही?

१. विनोद कोणावर?

'गोल्डफिंगर' (१९६४) हा या बाबतीत आदर्श मानता येईल. सुरुवातीलाच बाँडवर एक मारेकरी चालून येतो. झटापटीत तो पाण्याने भरलेल्या टबमध्ये पडतो, बाँड विजेचं उपकरण त्यात ढकलतो आणि मारेकरी विजेच्या धक्क्याने मरतो. त्यावर बाँड 'धक्कादायक' अशा अर्थाचा एक शब्द उच्चारतो. शब्दाचे दोन अर्थ, म्हणून हसू येतं.

पण याच चित्रपटात थोड्या वेळाने जिल ही तरुणी अंगाला सोन्याचा मुलामा दिलेल्या अवस्थेत मृत सापडते. तिथे बाँड गप्प आहे. एकही कोटी नाही. दोन्हीकडे मृत्यूच आहे, मग फरक कुठला? पहिला मेला तो मारायला आलेला होता. जिल ही बळी होती. विनोद हल्लेखोरावर झाला, बळीवर झाला नाही. हा पहिला नियम वहीत लिहून ठेवा.

२. पारडं झुकतं तेव्हा

मालिका लांबली की तोल जातोच. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) मध्ये बाँड लग्न करतो आणि लग्नानंतर काही वेळातच त्याच्या बायकोला, ट्रेसीला, गोळी लागते. चित्रपट तिथेच संपतो. शेवटी हसू नाही. पुढचा 'डायमंड्स आर फॉरएव्हर' (१९७१) मात्र एकदम हलकाफुलका झाला.

मग रॉजर मूर आले. त्यांनी १९७३ ते १९८५ या काळात सात चित्रपट केले. त्यांचा स्वभावच गमतीचा, त्यामुळे विनोद वाढत गेला. 'मूनरेकर' (१९७९) मध्ये बाँडची नाव व्हेनिसच्या चौकात जमिनीवरून पळते आणि एक कबूतर मान वळवून दोनदा बघतं! याच चित्रपटात जॉज नावाचा पोलादी दातांचा राक्षसी गुंड विमानातून पडतो, त्याचं पॅराशूट उघडतच नाही, तो सर्कशीच्या तंबूवर आदळतो आणि त्याला काही होत नाही. पुढे तर तो प्रेमातही पडतो.

चित्रपट चांगला चालला, हे खरं आहे. पण नुकसान काय झालं ते लक्षात घ्या. ज्या गुंडाला काही होतच नाही, त्याची भीती वाटत नाही. आणि भीती गेली की नायकाचं धाडसही गेलं. निर्मात्यांनी 'फॉर युअर आईज ओन्ली' (१९८१) मध्ये बाँडला पुन्हा जमिनीवर आणलं. त्यात तो दोराने उंच कडा चढतो आणि वरून एक माणूस दोराचे खिळे एकेक करून उखडतो. तिथे आपला श्वास रोखला जातो, कारण इथे पडला तर मरेल हे आपल्याला पटतं.

उलट बाजूलाही पारडं झुकलं. डाल्टनच्या 'लायसन्स टू किल' (१९८९) मध्ये सूडाची गोष्ट इतकी कठोर झाली की अमेरिकेत प्रेक्षकांचा प्रतिसाद कमी पडला. पुन्हा २००२ च्या 'डाय अनदर डे' मध्ये चक्क अदृश्य होणारी मोटार आली! असा हा झोका सतत चालू राहिला.

३. विदूषकाचा प्रसंग

आता मला सर्वांत आवडलेला प्रसंग. चित्रपट 'ऑक्टोपसी' (१९८३). याचं बरंच चित्रीकरण आपल्या उदयपूरला झालं. कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज त्यात आहेत. रिक्षांच्या पाठलागात विजय टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतो, ते बघून हसू येतं. पण याच चित्रपटात बाँड वेलींना लटकत जातो आणि टारझनसारखी आरोळी ऐकू येते, तेव्हा मात्र प्रसंगातली हवाच निघून जाते. कारण त्या क्षणी माणसं त्याची शिकार करायला मागे लागलेली असतात.

पण शेवटाकडे बघा. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन हवाई तळावर सर्कस चालू आहे. प्रेक्षकांत लहान मुलं आहेत. रिंगणात एका ठिकाणी अणुबाँब लपवलेला आहे आणि मिनिटं संपत आली आहेत. पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी बाँड विदूषकाचा वेश करून आत शिरतो. तो जीव तोडून सांगतोय की इथे बाँब आहे. आणि लोक हसताहेत! त्यांना वाटतं, हा खेळाचाच भाग.

चित्रपटाच्या सुरुवातीला बाँडचा सहकारी ००९ विदूषकाच्याच वेशात मारला गेलेला आपण पाहिलेला असतो. त्यामुळे रंगवलेलं लाल नाक बघूनही आपल्याला हसू येत नाही. पडद्यावरचे लोक हसतात, आपण मात्र घाबरून बसतो. विनोद आणि गांभीर्य इथे आलटून पालटून येत नाहीत, एकाच चेहऱ्यावर एकत्र येतात.

४. गप्प बसण्याची जागा

क्रेगच्या 'कसिनो रॉयल' (२००६) मध्ये जुगाराच्या डावात बाँडवर विषप्रयोग होतो. तो मरता मरता वाचतो, परत टेबलावर येऊन बसतो आणि शत्रूला सांगतो की मागच्या डावाने माझा जीवच घेतला असता. विनोद आला, पण धोका टळल्यावर आला. आणि कोणावर? स्वतःवर.

त्याआधी जिन्यात भयंकर मारामारी होते. ती बघून हादरलेली व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली बसून कापत असते. बाँड काही कोटी करत नाही. तिच्या शेजारी भिजत बसतो, एवढंच.

५. आपल्या वर्गात

हे सगळं मी का लिहिते आहे? काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा सलग तीन दिवस उशिरा आला. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "या राजे, पालखी उशिरा निघाली का?" वर्ग खो खो हसला. मीही हसले. तो खाली मान घालून जागेवर जाऊन बसला. नंतर कळलं, त्याची आई दवाखान्यात होती आणि तो धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून येत होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणाले, "काल बाईंचं चुकलं." तो काही बोलला नाही. पण तो विनोद माझ्या मनातून गेलेला नाही. विनोद वाईट नव्हता. ज्याच्यावर केला तो माणूस चुकला होता आणि वेळही चुकली होती.

वर्ग हसता असावा, असं आजही माझं ठाम मत आहे. फक्त आता बोलण्याआधी मी एकदा त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. विनोद बळीवर नको.
२. विनोदाने धोका खोटा वाटता कामा नये.
३. धोका टळल्यावरचं हसू सगळ्यांत मोकळं असतं.
४. स्वतःवर केलेला विनोद सहसा चुकत नाही.
५. कधी कधी शेजारी गप्प बसणं हेच योग्य असतं.

स्वाध्याय

१. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकातला किंवा चित्रपटातला असा विनोद आठवा, ज्यामुळे गंभीर प्रसंग बिघडला. तो कुठे ठेवला असता तर शोभला असता?
२. 'पुरात अडकलेलं गाव' या विषयावर दहा ओळींची गोष्ट लिहा. त्यात एकच विनोद असू द्या. तो कोणावर आहे आणि तिथेच का ठेवलात, हे दोन वाक्यांत सांगा.
३. आपल्यामुळे कोणी दुखावलं गेलं असा आपला एखादा विनोद आठवतो का? हे उत्तर वहीत लिहायची गरज नाही. जमलं तर त्या व्यक्तीशी जाऊन बोला.

भेटूया पुढच्या पाठात.