बुद्धीचं टॉनिक नको, अक्षरांची मदत हवी

तेरखेड्याहून एका आईने विचारलंय : ‘‘मुलगा चौथीत आहे. फटाक्याच्या खोक्यावरचं चित्र बघून माल कोणता ते झटक्यात सांगतो, हिशोब तोंडी करतो. पण त्याच खोक्यावरचं नाव वाच म्हटलं की गप्प. बुद्धीचं टॉनिक द्यावं का?’’

नको, ताई. पैसे वाया जातील. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील, शाळाही बुडत नसेल आणि तरी वाचन वर्गाच्या बरंच मागे असेल, तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला हवी. यात बुद्धी शाबूत असते. आवाज आणि अक्षर यांची सांगड मेंदूत सहजी बसत नाही. घ-ध, भ-म यांत गफलत होते. ‘कि’ची वेलांटी तर लिहायची क-च्या आधी आणि उच्चारायची नंतर! बऱ्याचदा हे घराण्यातून येतं. मुलाच्या वडिलांना, काकांना त्यांच्या शाळेबद्दल विचारून बघा.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्गात उभं करून वाचायला लावलं, पोरं हसली, की मूल स्वतःलाच ‘ढ’ म्हणू लागतं. मग रविवारी न दुखणारं पोट सोमवारी सकाळी दुखतं. ते नाटक नसतं, खरंच दुखतं.

सगळ्यांचे मेंदू एका साच्यातले नसतात, असं सांगणारा ‘न्यूरोडायव्हर्सिटी’चा विचार 1990च्या दशकात पुढे आला. त्याने मुलावरचा ठपका पुसला जातो, म्हणून मला तो पटतो. पण ‘असतो एकेकाचा मेंदू’ म्हणत वाचन सोडून देऊ नका. औषधाची चिठ्ठी आणि सातबारा पुढे त्यालाच वाचायचा आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं एकेक आवाज, त्याचं अक्षर, मग शब्द, असं शिकवा. गोष्टी तुम्ही वाचून दाखवा. दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा बंद.

दहावीला अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. महाराष्ट्रात त्या 1996पासून आहेत, आणि 2016च्या दिव्यांग कायद्यातही अध्ययन अक्षमता आली आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. तुमचा मुलगा आठ वर्षांपुढचा आहे, म्हणजे तपासणी आताच होऊ शकते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की त्याचं नाव द्या, किंवा सरळ धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना त्याच्या वह्या सोबत न्या.