डावपेचांचे खेळ आणि घरातला लॅपटॉप

बुद्धिबळाला उर्दूत शतरंज म्हणतात. हा शब्द ‘चतुरंग’ या संस्कृत शब्दापासून झाला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे, म्हणून चतुरंग. हा खेळ भारतातून इराणात गेला आणि तेथून अरबस्तानात पोहोचला. गंमत अशी, की आज मराठी माणूस हा खेळ खेळताना वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द वापरतो आणि हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. खेळ इथून गेला, शब्द तिकडून आले!

पुढे असे डोके लढवण्याचे खेळ संगणकावरही आले. 1991 साली ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ निघाला. 1997 साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ आणि 1999 साली त्याचा दुसरा भाग आला. या दुसऱ्या भागात सलाहुद्दीन अय्यूबी, चंगेझखान, जोन ऑफ आर्क यांच्या मोहिमा खेळता येतात. खेळाडूला आरंभी थोडे गावकरी मिळतात. ते लाकूड तोडतात, शेती करतात, सोने व दगड खणून आणतात. मग घरे, तट आणि शेवटी सैन्य उभे राहते. जो घाईघाईने फक्त सैनिक वाढवतो, त्याचे धान्य संपते आणि तो हरतो.

या खेळांचे दोन प्रकार आहेत. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाल करायची असते; विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये मात्र सर्वांच्या चाली एकाच वेळी चालतात. तुम्ही विचार करत बसलात, तर शत्रू थांबत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. समजा, मुंब्र्यातील एका कुटुंबाने लॅपटॉपसाठी अठरा हजार रुपये साठवले आहेत. मोठी मुलगी अकरावीत शिकते. तिला प्रकल्प लिहायचे आहेत. धाकटा मुलगा आठवीत आहे. त्याला हे जुने खेळ खेळायचे आहेत. लॅपटॉप एकच येणार आणि तो चार-पाच वर्षे टिकला पाहिजे. मुलगा म्हणतो, “अब्बा, खेळासाठी मोठा, महागडा लॅपटॉप लागतो.” वडील म्हणतात, “बेटा, मग खेळ राहू दे.”

दोघांनीही आधी थोडे गणित करायला हवे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाला 1999 साली 32 मेगाबाइट स्मृती, म्हणजेच रॅम, पुरत होती. आजच्या साध्या लॅपटॉपमध्ये 8 गीगाबाइट रॅम असते. 8 गीगाबाइट म्हणजे 8192 मेगाबाइट. म्हणजे त्या काळच्या गरजेच्या 256 पट! अशा खेळासाठी वेगळे, महाग ग्राफिक्स कार्डही लागत नाही. प्रोसेसरच्या आत असलेली चित्रव्यवस्था पुरेशी असते. तेव्हा ताकदीचा प्रश्नच नाही.

मग अडचण कुठे येते? ती येते जुन्या आणि नव्याच्या न जुळण्यात. विंडोज 3.1 च्या काळातील खेळ 16 बिटचे होते. ते आजच्या 64 बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. त्यानंतरच्या अनेक सीडींवर नक्कल रोखण्यासाठी ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप होते. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये या कुलपाला लागणारी सोय ठेवलेली नाही. त्यामुळे पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडीही चालेनाशी होते. शिवाय आता बहुतेक नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. म्हणून कोणी जुन्या सीडींचा गठ्ठा स्वस्तात देऊ लागला, तर हुरळून जाऊ नये.

यावर उपाय आहेत. डॉसवर चालणारे खेळ ‘डॉसबॉक्स’ या मोफत प्रोग्रामने चालवता येतात. काही कंपन्यांनी आपले जुने खेळ नव्या विंडोजसाठी सुधारून पुन्हा विक्रीला आणले आहेत. 1998 सालचा ‘स्टारक्राफ्ट’ तर त्याच्या कंपनीने 2017 साली मोफत करून टाकला. ‘फ्रीसिव्ह’ आणि ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हे खेळ पहिल्यापासूनच मोफत आहेत आणि ते विंडोजवर चालतात तसे लिनक्सवरही चालतात. चोरून केलेल्या नकलांच्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही. अशा नकलांबरोबर संगणकात विषाणू शिरतात आणि बहिणीचा प्रकल्पही जातो.

अठरा हजारांत दोन वाटा दिसतात: स्वस्त नवा लॅपटॉप किंवा चांगल्या प्रतीचा वापरलेला. नव्याचा मोह होतो. डबा सीलबंद असतो आणि वॉरंटीही असते. पण फार स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा 4 गीगाबाइट रॅम आणि अवघी 64 गीगाबाइट साठवण असते, तीही वाढवता येत नाही. विंडोजलाच त्यातली बरीच जागा लागते. काही स्वस्त यंत्रांत तर विंडोज नसतेच. 2023 साली 16,499 रुपयांना आलेल्या जिओबुकमध्ये मोबाइलसारखा प्रोसेसर आणि कंपनीची स्वतःची प्रणाली होती. अभ्यासाला ते यंत्र चालेल. पण विंडोजचे जुने खेळ त्यावर थेट चालणार नाहीत.

माझे मत वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजूने आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कचेरीतील लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात आणि जुने बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतली नेहमीची नावे. ही यंत्रे कचेरीच्या रोजच्या वापरासाठी मजबूत बनवलेली असतात.

मात्र त्यातही प्रोसेसरची पिढी पाहावी. ‘आय-5’ या अक्षरांपुढे 6200 असा आकडा असेल, तर तो सहाव्या पिढीचा. 8250 असेल, तर आठव्या पिढीचा. हे का पाहायचे? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली आणि विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सहाव्या पिढीचे यंत्र स्वस्त मिळेल, पण मग त्यावर लिनक्स घालण्याची तयारी हवी. रॅम 8 गीगाबाइट आणि साठवण 256 गीगाबाइटची एसएसडी असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कितीतरी वेगवान असते आणि हलवाहलवीने बिघडत नाही.

मुंबईत संगणकाच्या सामानासाठी लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कल्याण किंवा मुंब्र्याहून दादरला यावे, तेथे पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी आणि ग्रँट रोडला उतरावे. तेथे निवड भरपूर. पण बिघाड झाला, की पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही दुकाने आहेत. शे-पाचशे रुपये जास्त पडले, तरी ओळखीचा, लेखी वॉरंटी देणारा दुकानदार बरा.

दुकानात लॅपटॉप सुरू करून अर्धा तास तरी वापरून पाहावा. सगळी बटणे दाबून बघावीत. यंत्र उलटे करून स्क्रू पाहावेत. ते गंजलेले असतील, तर आत पाणी गेल्याची शंका घ्यावी. आपल्या भागात ही शंका फुकाची नाही. 26 जुलै 2005 च्या महापुराने कल्याण परिसरात घराघरांत पाणी शिरले होते, आणि पावसाळा तर दरवर्षी येतो. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः तयार करून देते. त्यात मूळ क्षमता 50 वॅट-तास आणि आताची 20 दिसली, तर बॅटरी निम्म्याहून अधिक संपली आहे. तेवढी किंमत कमी करून मागावी. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. पावती नाकारणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये, ते चोरीचेही असू शकते.

राहिला वेळेच्या वाटणीचा प्रश्न. शतरंजच्या नादात राज्य गेले तरी डाव न सोडणाऱ्या लखनौच्या दोन रईसांची प्रेमचंदांची गोष्ट तुम्हांला माहीत असेल. घरात यंत्र एक आणि मुले दोन असली, की असे वेड फार टिकत नाही. बहीण वेळेवर येऊन झाकण लावते!

आणि एक वस्तू विसरू नये. तारेचा साधा माऊस घ्यावा. वीस सैनिकांभोवती एकदम चौकट ओढून त्यांना तटाकडे पाठवायचे, तर टचपॅडवर बोट पुरत नाही.

स्वाध्याय

1. जुनी अस्सल सीडी नव्या लॅपटॉपवर का चालत नाही?
2. वडील आणि मुलगा यांचा संवाद पुढे वाढवून आठ-दहा ओळींत लिहा.
3. ‘वजीर’, ‘प्यादे’ यांसारखे मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे दहा शब्द शोधा.