नायलॉनचा फिल्टर प्रथिनांना चालेल?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात एचपीएलसीची द्रावणं आम्ही नायलॉनच्या फिल्टरने गाळतो. प्रथिनांच्या नमुन्यांनाही तोच वापरावा का?

उत्तर : नको. नायलॉनच्या साखळीतले अमाइड गट पाण्याला जवळ करतात, म्हणून ०.४५ मायक्रॉनचं नायलॉनचं पटल सहज भिजतं आणि पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइलचं मिश्रण उत्तम गाळतं. पण प्रथिनंही त्याला चिकटतात. नमुना विरळ असेल, तर बरंचसं प्रथिन फिल्टरमध्येच अडकेल आणि मोजमाप फसेल. त्यासाठी पीईएस किंवा जलस्नेही पीव्हीडीएफचा फिल्टर घ्या. डीएनएच्या बाबतीत मात्र हीच पकड मोलाची! सदर्न ब्लॉटमध्ये डीएनए नायलॉनवर अतिनील किरणांनी पक्का बसवतात. तेच पटल धुऊन पुन्हा तपासताही येतं. आणि हो, संहत फॉर्मिक आम्ल यातून गाळू नका. नायलॉन त्यात विरघळतं.